तेरावा अभ्यास

आमच्या गणवेशाच्या कारखान्यात कापड बेतायचं काम जिच्याकडे होतं, तिला सगळे थोरली म्हणायचे. घरून फोन आला की पलीकडचं माणूस "थोरलीला जरा द्या" म्हणायचं, आणि तेच नाव कारखान्यातही चिकटलं. मी तिच्या शेजारच्या टेबलावर काज-बटणांच्या खुणा करायचे. सोळा वर्षं आम्ही दोघींनी एकाच खिडकीच्या उजेडात काम केलं, म्हणून ही हकीकत मला माहीत. तिनं ती एका दमात कधीच सांगितली नाही. जेवणाच्या सुट्टीत एखादं वाक्य, मूड असला तर दोन. मी ते मनात जोडत गेले.

थोरली बोलायला कंजूष आणि बघायला उधळी. दारातून माणूस आत आला की तिची नजर आधी त्याच्या खांद्यांवर जायची, मग गुडघ्यांवर. "याचा उजवा खांदा अर्धा इंच उतरलाय, जड पिशवी त्याच हातात धरत असणार," असं ती पुटपुटायची, आणि टेप लावला की तिचंच खरं निघायचं. उरलेल्या खाकी कागदावर ती खडूनं माणसं काढायची. सुईत दोरा ओवताना जीभ बाहेर काढणारी बाई, जांभई देणारा सुपरवायझर. सुपरवायझरला ते एकदा सापडलं. आता बोलणी बसणार म्हणून आम्ही माना खाली घातल्या, तर त्यानं कागदाची नीट घडी केली आणि खिशात घातली.

तिचं घर दुमजली. दोन भाऊ, दोन जावा आणि सासरे. वरचा मजला धाकट्यांचा, खालचा थोरल्यांचा, स्वयंपाकघर एकच. तिचा नवरा लिफ्ट दुरुस्तीच्या कामावर होता, दीर चष्म्याच्या दुकानात. मुलगी नर्सिंग शिकायला बाहेरगावी गेलेली. सासरे निवृत्त पोस्टमन. उभा जन्म त्यांनी पायी पत्रं वाटली होती. नंतर त्यांना एक झटका येऊन गेला आणि डावा पाय ओढायला लागला. खांद्यावरची बॅग जाऊन दहा वर्षं झाली तरी हाताची खोड गेली नव्हती. चार पावलं टाकली की उजवा हात कमरेपाशी जायचा, नसलेल्या बॅगेचं झाकण दाबायला.

धाकटी तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. छपाईच्या दुकानात कॉम्प्युटरवर बसायची. बडबडी, हसरी, रोज नवं काहीतरी डोक्यात. थोरली म्हणायची, "ती घरात शिरली की आधी आवाज येतो, मग चपला." दोघी जावांचं इतकं पटायचं की शेजारणींना चैन पडत नसे. धाकटी हिला ताई म्हणायची आणि हिनंही तिला धाकट्या बहिणीसारखंच धरलं होतं.

अ‍ॅनिमेशनचं खूळ धाकटीनंच आणलं. एक शिक्षक घरबसल्या शिकवायचे. बारा अभ्यास, तीन आठवड्यांना एक. आपण चित्रं काढून पाठवायची, ते शेरे लिहून परत पाठवणार. "ताई, तुमचा हात आहे आणि माझ्याकडे कॉम्प्युटर आहे, आपण दोघी मिळून शिकू," ती म्हणाली. नोंदणी करायला नाव एकच लागत होतं. थोरलीनं हात झटकला. "तुझंच घाल. मला काय सर्टिफिकेट भिंतीला लावायचंय?" हे वाक्य तिनं मला पुढे कितीदा तरी सांगितलं. दर वेळी सांगताना ती हातातली कात्री खाली ठेवायची.

आमची पाळी तीनला सुटायची. चारला ती घरी पोचायची आणि चार ते सहा स्वयंपाकघरातलं टेबल त्यांचं. जुन्या खिडकीची काच दोन स्टुलांवर ठेवून खाली दिवा लावला की वरचा कागद उजळायचा आणि त्याच्या खालचं चित्र दिसायचं. कागद हलू नयेत म्हणून नवऱ्यानं लिफ्टच्या सामानातली पितळी पट्टी कापून तिला तीन खुंट्या बसवून दिल्या. प्रत्येक कागदाला तीन भोकं, खुंट्यांत अडकवायचा, खालचं चित्र बघायचं आणि त्याच्याहून जराशी पुढची हालचाल काढायची. असे बारा कागद म्हणजे पडद्यावरचा एक सेकंद.

पहिला अभ्यास चेंडूचा. जमिनीवर आपटून वर येणारा साधा चेंडू. दोघींनी आपापला काढला आणि थोरलीचा पाठवला. शेरा आला: "हा चेंडू नाही, फुगा आहे. वजन कुठे गेलं?"

थोरलीला ते लागलं. दुसऱ्या दिवशी तिनं चिंध्यांचा घट्ट गोळा बांधून आणला आणि सुट्टीत मला कारखान्याच्या मागच्या अंगणात उभं केलं. मी वर फेकायचा, ती बघणार. पंचवीस-तीस वेळा तरी फेकला असेल. माझा खांदा भरून आला. मग एकदम म्हणाली, "कळलं. वर गेल्यावर तो रेंगाळतो, खाली येताना घाई करतो. वरचे टाके जवळजवळ घालायचे, खालचे लांबलांब." घरी जाऊन तिनं तसंच केलं. वरच्या टोकाला चित्रं दाट, जमिनीजवळ विरळ. शेरा आला: "आता पडला. पुढचा अभ्यास घ्या."

मग लंबक आला, झाडावरून गळणारं पान आलं, डोळ्यांची उघडझाप आली, मान वळवणारं डोकं आलं. मान सरळ रेषेत वळत नाही, मध्ये जराशी खाली झुकते, हे तिनं आमच्यावरच ताडलं. ती हळूच हाक मारायची आणि आम्ही वळलो की बघायची. आम्ही वैतागायचो. सातव्या अभ्यासात पिठानं अर्धं भरलेलं पोतं होतं. त्याला तोंड नाही, डोळे नाहीत, आणि तरी ते दमलेलं, खुशीत आलेलं, घाबरलेलं दिसलं पाहिजे. धाकटी म्हणे, "पोत्याला काय वाटणार, ताई?" थोरलीला मात्र त्यात काहीच अवघड वाटलं नाही. कापडाला कुठे ताण येतो आणि कुठे झोळ पडतो, हे तिला बोटांनी माहीत होतं. तिचं दमलेलं पोतं मी पाहिलंय. कागद भराभर चाळले की ते भिंतीला टेकून खाली बसायचं, थेट आमच्यासारखं, पाळी सुटल्यावर.

त्या सुमाराला धाकटीनं स्वतः काढणं सोडलं. वेळ मिळत नाही म्हणाली. थोरलीचे कागद ती दुकानात नेऊन स्कॅन करायची, पाठवायची आणि शेरे छापून आणून द्यायची. थोरलीला त्यात वावगं दिसलं नाही. ज्याला जे जमेल ते काम त्यानं करावं, असंच त्या घरात चालायचं.

बारावा अभ्यास चालण्याचा. माणसाला त्याच्या स्वतःच्या चालीनं चालवायचं. थोरलीनं सासऱ्यांना विचारलं. म्हाताऱ्यानं आधी आढेवेढे घेतले, माझी कसली चाल, माझं तर ओढणं. पण मग आठ दिवस रोज दुपारी ते तिच्यासाठी ओसरीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत चालले. मध्येच थांबून विचारायचे, "पाय नीट दिसला ना? की पुन्हा टाकू?" तिनं तो ओढला जाणारा पाय पकडला, त्या पायासाठी वर उचलला जाणारा खांदा पकडला, आणि चौथ्या पावलाला कमरेशी जाणारा हातही. कागद चाळून दाखवले तेव्हा सासरे ते स्वतःच्या हातानं पुन्हा चाळून बघत म्हणाले, "म्हणजे मी असा दिसतो. बरा दिसतो की."

बाराव्याचा शेरा यायला महिना लागला. धाकटीनं कागद आणून दिला. त्यावर छापलं होतं: "सुंदर. असंच चालू ठेवा." त्याच दिवशी तिनं आणखी एक बातमी आणली. शिक्षकांनी खूश होऊन कोर्स वाढवून दिलाय, आता पुढचे अवघड अभ्यास, आणि त्यांची गरज म्हणून तीन आठवड्यांऐवजी दहा दिवसांत एक पाठवायचा. थोरली इतकी हरखली की तो कागद तिनं काचेखाली सरकवला. आयुष्यात तिच्या कामाला सुंदर असं कुणी लेखी म्हटलं नव्हतं. गणवेशाला कोण सुंदर म्हणतं?

तेरावा अभ्यास: हाच म्हातारा चालत येऊन बाकावर बसतो. चौदावा: एक बाई त्याला पेला भरून पाणी देते. पंधरावा: म्हातारा गोळी हातात घेतो, बघतो, गिळतो. थोरली एरवी सहाला टेबल सोडायची, ती आता नवरा सातला घरी आला तरी उठेना. मनगटाला पट्टी बांधून कामावर यायची. मी विचारलं, इतकी घाई कसली? म्हणाली, "सर थांबलेत." शेरे यायचे, पण आता ते जुन्यासारखे बोचरे नसायचे. "छान." "हात जरा मोठा करा." "उत्तम." थोरलीला वाटलं, आता आपल्यावर ओरडण्यासारखं काही उरलं नाही.

त्याच काळात धाकटीनं छपाईचं दुकान सोडलं. एका जाहिरातीच्या ऑफिसात स्कॅनिंगचं काम मिळालं, असं घरी सांगितलं. नवे कपडे आले, घाईत निघणं आलं. थोरलीनं तिचे दोन ब्लाउज स्वतःच्या हातानं बेतून शिवून दिले. नव्या जागी चारचौघांत नीट दिसायला हवं म्हणून.

बत्तिसावा अभ्यास पाठवून आठवडा झाला होता. सासऱ्यांना तपासणीला घेऊन थोरली दवाखान्यात गेली. मोठी खोली, प्लास्टिकच्या खुर्च्या, भिंतीवर टीव्ही. त्यावर आरोग्याच्या सूचना फिरून फिरून लागत होत्या. ती सासऱ्यांचा नंबर कधी येतो बघत होती. सासरे टीव्ही बघत होते. त्यांनी तिच्या मनगटाला हात लावला.

"अगं, हा तर मी."

पडद्यावर एक म्हातारा डावा पाय ओढत येत होता. चौथ्या पावलाला त्याचा हात कमरेशी गेला. तो बाकावर बसला. बाईनं पाणी दिलं. त्यानं गोळी बघितली आणि गिळली. मग औषधं वेळेवर घ्या असं काहीतरी लिहून आलं आणि खाली बारीक अक्षरांत नावं. त्यांत दुसरं नाव धाकटीचं होतं. "चित्रे" या शब्दापुढे.

थोरली सांगायची, तिला आधी आनंदच झाला. खरंच. आपलं पोर शाळेच्या स्टेजवर दिसल्यासारखा. नाव वाचलं तरी अर्थ आत शिरायला वेळ लागला. फिल्म पुन्हा लागली, ती पुन्हा बघितली, आणि तिसऱ्यांदा लागली तेव्हा नंबर पुकारला जात होता आणि ती नावंच वाचत होती. सासरे तिच्याकडे बघत होते. त्यांनाही नाव वाचता आलं होतं. आयुष्यभर नावं वाचूनच त्यांनी पोट भरलेलं.

घरी आल्यावर ती स्वयंपाकघरात वाट बघत बसली. धाकटी साडेपाचला आली. थोरलीनं आवाज न चढवता विचारलं, दवाखान्यात लागते ती फिल्म कुणाची? धाकटी आधी हसली, कसली फिल्म म्हणाली. मग तिनं थोरलीचं तोंड बघितलं आणि पर्स टेबलावर ठेवली.

"नाव माझंच घाल असं तुम्हीच म्हणाला होतात, ताई."

"अभ्यासाला म्हणाले होते."

"मग अभ्यासच होता ना तो. तुम्हाला आवडतच होतं."

"तेरावा कुणी दिला?"

धाकटी उत्तर द्यायला वेळ लावत होती. तिनं नळ सोडला, हात धुतले, पुसले. मग म्हणाली की सरांनी बाराव्यानंतर बोलावलं होतं, नोंदणीत तिचंच नाव, तीच गेली, नोकरी समोर आली आणि तोंडातून हो निघून गेलं. वाटलं होतं की पहिलं काम झालं की सांगू. मग दुसरं आलं. शेवटी जरा चिडूनच ती म्हणाली, "आणि सांगितलं असतं तर तुम्ही काढलंच नसतंत. खरं काम आहे म्हटल्यावर तुमचा हात थरथरला असता. तुम्ही काय स्वतः उठून त्या ऑफिसात गेला असतात?"

थोरलीनं मला सांगितलं की हे बोलणंच सगळ्यात वाईट होतं, कारण त्यात थोडं खरं होतं. केसानं गळा कापतात म्हणतात ना, तो असा. समोरचा आपल्याला इतकं ओळखून असतो की कुठे कापायचं ते त्याला शोधावं लागत नाही.

धाकटी वर निघून गेली. नवरा सातला आला. थोरलीनं त्याला सगळं सांगितलं, दवाखाना, फिल्म, नाव, धाकटीचं बोलणं. तो बूट काढत ऐकत होता. ऐकून झाल्यावर त्यानं विचारलं,

"दवाखान्यातही लावली का?"

थोरली त्या एका 'ही'वर अडली. तिनं विचारलं, आणखी कुठे लावलीय? नवरा बूट जागेवर ठेवण्यात उगाच वेळ घालवू लागला. मग एकेक बाहेर पडलं. चार महिन्यांपूर्वी एका मोठ्या इमारतीत लिफ्टचं काम होतं. खालच्या दालनात टीव्हीवर त्यानं आपला बाप चालताना पाहिला. आधी हसूच आलं. मग भावाला फोन केला. भावानं कबूल केलं आणि हात जोडले, दादा, घरात बोलू नकोस, तिची नोकरी जाईल. यानं शब्द दिला.

त्या संध्याकाळी तो घरी आला तेव्हा थोरली टेबलावर वाकलेली होती, विसावा अभ्यास चालला होता. तिला आठवलं, त्या दिवशी त्यानं न सांगता चहा करून आणून दिला होता आणि तिच्या मनगटाला तेल लावून दिलं होतं. तिनं मला म्हटलंही होतं दुसऱ्या दिवशी, नवऱ्याला आता कदर कळायला लागली.

"मी काय करणार होतो?" नवरा म्हणाला. "आपलेच दात, आपलेच ओठ. बोललो असतो तर घर फुटलं असतं."

"आणि मी?"

"तुला तर काढायला मिळत होतंच ना."

ती त्याच्याशी भांडली नाही. तिनं काचेखालचा कागद काढला, दिवा बंद केला, काच उचलून भिंतीला लावून ठेवली आणि स्वयंपाकाला लागली. सासरे ताटावरून उठता उठता म्हणाले, "परवा मला त्या शिक्षकाकडे घेऊन चल. चाल माझी आहे, मला विचारायचंय."

पत्ता शेऱ्यांच्या जुन्या कागदांवर होता. तिनं त्या दिवशी रजा घेतली. बत्तीस अभ्यासांचे मूळ कागद ती घरीच जपून ठेवायची, ते दोन पिशव्यांत भरले. शिक्षक कामाला होते तो स्टुडिओ म्हणजे तिसऱ्या मजल्यावरची लांबट जागा, एका बाजूला टेबलं, टोकाला त्यांची काचेची खोली. धाकटी त्या दिवशी कामावर गेली नव्हती. तिला अंदाज आला असणार.

थोरली पिशव्या सांभाळत मागे राहिली आणि सासरे पुढे झाले. ते त्या लांब खोलीतून पाय ओढत निघाले. टेबलांवरची माणसं एकेक करून वर बघायला लागली. काचेच्या खोलीतले शिक्षक उभे राहिले आणि दारात आले. साठीचा माणूस, जाड चष्मा, बोटांवर शिसाचा काळेपणा. ते म्हाताऱ्याच्या पायाकडे बघत होते. चौथ्या पावलाला हात कमरेशी गेला, तसे ते म्हणाले, "तुम्ही इथं कसे?"

सासरे म्हणाले, "मला जिनं काढलं तिला घेऊन आलोय."

शिक्षकांनी दोघांना बसवलं. थोरलीनं पिशव्या रिकाम्या केल्या. त्यांनी बोलायच्या आधी पहिल्या चेंडूचे कागद उचलले, चाळले, मग पोत्याचे, मग शेवटचे. रेघ एकाच हाताची होती हे सांगायला त्यांना कुणाची गरज नव्हती. ते म्हणाले की त्यांना शंका होती. धाकटीला ऑफिसात बसून काही काढायला सांगितलं की ती म्हणायची, माझा हात घरीच चालतो, शांततेत. असे लोक असतात म्हणून त्यांनी ताणलं नाही.

थोरलीनं विचारलं, "पुढचे अभ्यास तुम्ही कुणाला देता? तेरावा, चौदावा?"

"अभ्यास बाराच आहेत," ते म्हणाले. "पहिल्यापासून बाराच."

"मी बत्तीस केले."

त्यांनी तेराव्यापासूनचे कागद बाजूला काढले. मग त्यांनी सांगितलं की तेरापासून पुढचं सगळं स्टुडिओचं काम होतं. दुरुस्त्या ते धाकटीला तोंडी सांगायचे. शेरे त्यांनी लिहिलेच नव्हते. थोरलीनं काचेखालचा तो कागद पिशवीतून काढून पुढे केला. सुंदर, असंच चालू ठेवा. त्यांनी वाचला आणि मान हलवली. हा माझा नाही. बाराव्याचा माझा शेरा हा, म्हणून त्यांनी कॉम्प्युटरवर शोधून दाखवला. पंधरा-वीस ओळींचा होता. त्यात डाव्या पायाच्या दोन चुका सांगितल्या होत्या, खांदा कुठे उशिरा उठतो ते सांगितलं होतं, आणि शेवटी लिहिलं होतं की या माणसाला तुम्ही ओळखता, हे प्रत्येक कागदावर दिसतं. प्रत्यक्ष येऊन भेटा. थोरलीनं ते दोनदा वाचलं. म्हणाली, मला त्या चुका हव्या होत्या. कुणीतरी इतकं बघितलं होतं आणि ते माझ्यापर्यंत येऊच दिलं नाही.

यापुढे गोष्ट गोड व्हायला हवी होती, पण तसं झालं नाही. स्टुडिओच्या मालकांना घरगुती भांडण ऑफिसात नको होतं. त्यांनी धाकटीला कामावरून काढलं आणि थोरलीलाही घेतलं नाही. झालेल्या फिल्मवरचं नाव बदलता येणार नाही असं कळवलं. ती फिल्म अजूनही दवाखान्यांतून लागते, त्याच नावानं. शिक्षकांनी तिची माफी मागितली, पण त्यांच्या हातात तेवढंच होतं.

घरात दिरानं वर वेगळी चूल मांडली. तो वहिनीला म्हणाला, "एका नावासाठी तुम्ही तिची नोकरी घालवलीत." ताकास तूर न लागू देता चार महिने समोर बसून जेवणारा हाच. नवरा मधल्या मध्ये दोन्हीकडे पडतं घेत होता आणि दोन्हीकडे उणा पडत होता. लेकीला फोनवर कळलं तेव्हा ती बापावर फार चिडली, पण थोरलीनं तिला परीक्षा सांभाळ म्हणून गप्प केलं. जिन्यात जावा समोरासमोर आल्या की एक भिंतीला टेकून दुसरीला वाट द्यायची.

थोरलीनं पाच-सहा महिने पेन्सिलला हात लावला नाही. खाकी कागदावर खडूचं एक माणूस उमटलं नाही. सुपरवायझरनं मला बाजूला घेऊन विचारलं की हिला काय झालंय. मी म्हटलं, मनगट दुखतंय.

मग शिक्षकांचा फोन आला. स्टुडिओशी त्यांचं बिनसलं होतं आणि ते दोघा-तिघांना घेऊन स्वतःचं छोटं काम सुरू करत होते. आठवड्यात तीन दुपारी येशील का, असं विचारलं. तिनं विचार करायला वेळ मागितला. मला म्हणाली, "जाऊ का?" मी म्हटलं, धाकटी म्हणाली होती तू स्वतः उठून जाणार नाहीस. त्यावर ती पहिल्यांदा चिडली माझ्यावर. "तिच्यासाठी नाही जाणार. गेले तर माझ्यासाठी जाईन." आणि गेली. आता सकाळी कारखाना आणि तीन दिवस तिथं. त्यांनी पहिल्याच आठवड्यात तिचे चाळीस कागद परत दिले, पुन्हा काढ म्हणून. ती खुशीत सांगत होती.

वर्षाच्या आत धाकटे घर सोडून गेले. सामान हलवायच्या दिवशी धाकटीला काचेची भांडी नीट बांधता येईनात. थोरली वर गेली, न बोलता खाली बसली आणि एकेक भांडं कागदात गुंडाळून दिलं. निघताना धाकटी दारात थांबली. "येते, ताई." थोरली म्हणाली, "सांभाळून जा." माफी हा शब्द ना तिनं काढला, ना हिनं मागितला. दीर आठवड्यातून एकदा बापाला भेटायला येतो. धाकटी येत नाही. कुठल्याशा शाळेच्या ऑफिसात लागलीय, असं ऐकलं.

नवऱ्याशी ती बोलते. भाजी काय आणायची, गॅस कधी संपला, लेक कधी येणार. तो हल्ली स्वतःहून विचारतो, आज काय काढलंस, दाखव. ती म्हणते, झालं की दाखवते. आणि दाखवत नाही.

मागच्या आठवड्यात डबा खाताना मी तिला म्हटलं, आता दोन वर्षं झाली, माणूस वाईट नाही तुझा, भावासाठी गप्प बसला, सोडून दे. तिनं घास संपवला.

"धाकटीचं सोडलं मी," ती म्हणाली. "तिला हवं होतं, तिनं घेतलं. ते मला समजतं तरी. यानं काय मिळवलं? त्याला तर काहीच नको होतं. नुसतं बघत होता मला. रोज संध्याकाळी."

तिनं डबा धुतला, पुसला, पिशवीत ठेवला. सुट्टी संपली होती. हॉस्पिटलच्या गणवेशांचा नवा ताका आला होता, निळा. आम्ही दोघींनी दोन टोकं धरून तो टेबलावर पसरला आणि ती खडू घेऊन वाकली.